डबा सावकाश द्या

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचत होते. ड्यूटीत चहाच्या वेळेला मोबाईल उघडायचा, कोणाच्या तरी मामांना घाटात बाई लिफ्ट मागते ते वाचायचं, आणि मनात म्हणायचं — मामांचा डोळा लागला असणार! मी रेडिओग्राफर आहे. माणसाच्या आतलं बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. जे फिल्मवर दिसत नाही ते नसतं, असं माझं साधं गणित होतं. होतं म्हणतेय, कारण आज मीच इथे लिहायला बसलेय. नावं बदलली आहेत, बाकी घडलं तसंच सांगते.

आम्ही कुवेतला जाब्रियात राहतो. चौथा मजला, किचनची खिडकी पार्किंगवर उघडते, माझं हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर. नवरा निखिल तेल कंपनीत इंजिनिअर. दोघंही मूळ नाशिकचे. लग्नानंतर दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं. मागच्या वर्षी पुन्हा राहिले तेव्हा आनंद व्हायच्या आधी भीतीच वाटली. हॉस्पिटलने मला एक्स-रे रूममधून काढून अपॉइंटमेंटच्या टेबलावर बसवलं. पाचवा लागला, स्कॅन छान आला, आणि डॉक्टरच म्हणाल्या की आता जरा मोकळ्या हवेत जाऊन या.

मोकळी हवा म्हणजे निखिलच्या लेखी किल्ला. या माणसाने कॉलेजात असताना सह्याद्रीतला एक गड सोडला नाही. ऑगस्टात कुवेतमधून जो तो पळत असतो, तसे आम्हीही पळालो आणि स्कॉटलंडला पोचलो. तिथल्या प्रत्येक कॅसलला तो "गड"च म्हणायचा. आत शिरताना उंबऱ्याला हात लावून नमस्कार करायचा, तिकीटवाले बघत राहायचे. मग बुरूज, चोरवाट, धान्याचं कोठार शोधत फिरायचा. आणि शेवटी तक्रार — "किल्ला म्हणजे आधी दम लागला पाहिजे गं. इथे गाडी दारापर्यंत येते आणि बालेकिल्ल्यात केक मिळतो!" मला मात्र तो केक फार आवडला.

एडिंबरा झालं, दोन-तीन कॅसल झाले, आणि मग भाड्याच्या गाडीने आम्ही वर डोंगराळ भागात गेलो. तिथलं एक जुनं कंट्री हाऊस बघायचं होतं. नाव मुद्दाम देत नाही. धड किल्ला नाही, धड घर नाही. एका बाजूला जुना दगडी बुरूज आणि त्याला नंतर जोडलेले लांबच लांब दिवाणखाने. अशा घरांत प्रत्येक खोलीत एक स्वयंसेवक बसलेला असतो. बहुतेक रिटायर्ड आजी-आजोबा, गळ्यात बिल्ला. आपण आत गेलो की हसून माहिती सांगतात. हे लक्षात ठेवा, कारण माझी चूक इथूनच सुरू झाली.

दुपारची वेळ. बाहेर पावसाची भुरभुर. निखिल बुरुजाच्या गोल जिन्याने वर गेला. मला तो जिना चढायचा नव्हता, म्हणून मी पहिल्या मजल्याच्या कॉरिडॉरमधून हळूहळू चालत राहिले. शेवटचं दार उघडं होतं. आत बाळाची खोली — लोखंडी पाळणा, लाकडी घोडा, विझलेली शेकोटी. आणि पाळण्याजवळ बुटक्या खुर्चीवर एक बाई विणत बसली होती. करडा स्वेटर, करडे केस, वय साठीच्या पुढचं. मला वाटलं, या खोलीची स्वयंसेवक. बिल्ला नव्हता हे मला फार नंतर आठवलं.

मी "हॅलो" म्हटलं. तिने माझ्या पोटाकडे बघून हळूच विचारलं, "कधी?"

"जानेवारीत," मी म्हटलं.

"पहिलंच?"

आता काय सांगणार? परक्या बाईला मी कधीच सांगितलं नसतं, पण तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे... मी म्हटलं, दोन गेली. तिने मान हलवली आणि सुया खाली ठेवल्या. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी, हसू नका, मला कडकडून भूक लागली. पर्समध्ये डबा होता.

या डब्याबद्दल सांगायला हवं. निखिल पोटात असताना माझ्या सासूबाईंना त्यांच्या आईने दिलेला स्टीलचा छोटा डबा. झाकणावर नाव कोरलेलं — "चि. सौ. सुमन हिस, आईकडून." मला दिवस राहिल्याचं कळल्यावर आईंनी, म्हणजे सासूबाईंनीच, तो कोणाबरोबर तरी नाशिकहून कुवेतला पाठवला होता. मी त्यात बेसनाचे लाडू भरून घेऊन फिरत होते.

म्युझियममध्ये खायला बंदी असते. मी डबा उघडला आणि चोरी पकडल्यासारखं झालं. मग आपण सगळे अशा वेळी जे करतो तेच मी केलं. डबा तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, "घ्या ना, घरी केलेत." तिने एक लाडू घ्यायच्या ऐवजी अख्खा डबाच दोन्ही हातांनी घेतला, मांडीवर ठेवला, आणि झाकण लावून त्यावर तळवा टेकवला.

"कुठे राहता?" तिने विचारलं.

मी सांगितलं. कुवेत, जाब्रिया, पार सगळं.

"तिथे ऊब असते?"

मी हसले. म्हटलं, "ऊब? अहो, आमच्याकडे थंड पाण्याच्या नळाला उकळतं पाणी येतं!"

तिला ते फार आवडलेलं दिसलं. इतक्यात निखिलचा फोन — पार्किंगची वेळ संपतेय, खाली ये. डबा तर तिच्या मांडीवर. म्हाताऱ्या बाईच्या हातातून डबा कसा ओढून घ्यायचा? आपल्याकडे शेजारीण डबा रिकामा करायला लागली की जे म्हणतो ते माझ्या तोंडून आपसूक निघालं, फक्त इंग्रजीत. "राहू दे हो. डबा सावकाश द्या. या ना एकदा आमच्याकडे."

ती म्हणाली, "येईन."

खाली आल्यावर आईंचा डबा म्हणून जीव खालीवर व्हायला लागला. तिकीट काउंटरवरच्या बाईंना म्हटलं की वरच्या बाळाच्या खोलीतल्या आजींकडे माझा डबा राहिलाय. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, ती खोली तर बंद आहे, दुरुस्ती चालू आहे. मी हट्टच धरला तेव्हा किल्ली घेऊन आमच्याबरोबर वर आल्या. कॉरिडॉरच्या तोंडाशी दोर लावलेला होता. मघाशी तो नव्हता. दाराला कुलूप. त्यांनी उघडलं... पाळणा होता, घोडा होता. पण पाळण्याशेजारची जमीन उखडलेली होती. फळ्या काढून भिंतीला टेकवलेल्या, खाली नुसते वासे आणि अंधार. ती बाई जिथे खुर्ची टाकून बसली होती तिथे बसायला जमीनच नव्हती.

डबा कुठेच नव्हता.

"खोली चुकली असशील," निखिल गाडीत म्हणाला. "भुकेने चक्कर आली असेल." मीही तेच धरून बसले, कारण दुसरं काय धरायचं? आईंना फोनवर डबा विसरला एवढंच सांगितलं. त्या हळहळल्या, रागावल्या, आणि मग म्हणाल्या, "जाऊ दे, तू नीट आहेस ना?"

कुवेतला परत आलो तेव्हा सप्टेंबर लागला होता, पण ऊन तसंच पेटलेलं. इथे जे राहतात त्यांना माहीत आहे — उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की थंड पाण्याचा नळ हा फक्त म्हणायला थंड. आम्ही उन्हाळाभर गीझर बंद ठेवतो आणि आंघोळीचं पाणी आदल्या रात्री बादलीत भरून ठेवतो.

एका दुपारी ड्यूटीवरून आले, भाजी धुवायला किचनचा नळ सोडला आणि हात झटकन मागे घेतला. पाणी बर्फासारखं थंड. बाथरूमचा नळ बघितला तर कढत. फक्त किचनचा थंड. हारिसला, म्हणजे इथल्या बिल्डिंगच्या राखणदाराला, बोलावलं. तो हात लावून बघतच राहिला. "मॅडम, ऊपर तो पानी आग है," म्हणाला, आणि पुन्हा पुन्हा हात धुऊन खूश होऊन गेला. मी खूश नव्हते. किचनमध्ये ओल्या लोकरीचा वास येत होता. आणि विझलेल्या कोळशाचा.

नंतर दोन दिवसांनी मी कुलूप उघडून घरात आले तर ओट्यावर डबा.

मी तिथेच स्टूलवर बसले. निखिल प्लांटवर होता, घराची किल्ली आमच्या दोघांशिवाय कोणाकडे नाही. झाकणावर तीच अक्षरं, चि. सौ. सुमन हिस. डबा हाताला गार लागत होता. आत काहीतरी होतं. अर्थातच होतं. भरलेला डबा कोणी रिकामा परत करतं का?

आत लोकरीचा पायमोजा होता. तान्ह्या बाळाचा, पांढरा, सुबक विणलेला. एकच.

निखिल आल्या आल्या मी डबा त्याच्या हातात दिला. त्याने डबा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "बॅगेतच राहिला असेल गं. मोजा तू गिफ्ट शॉपमध्ये घेतला असशील."

"एकच मोजा कोण विकतं, निखिल?"

"मग तुझं म्हणणं काय? स्कॉटलंडहून भूत व्हिसा काढून आलं?"

मी इतकी चिडले की दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण त्याचाही चेहरा उतरला होता, ते मला दिसत होतं. आईंना घाबरवायचं नाही असं ठरलं. त्यांना सांगितलं, तिथल्या लोकांनी डबा पोस्टाने पाठवला. आईंना कोण आनंद! आणि बोलता बोलता म्हणाल्या, "भल्या घरची माणसं दिसतात. भरून पाठवला ना? मग आता आपली पाळी हो, मेघा. रिकामा नको ठेवूस."

फोन ठेवला आणि मी पुन्हा डबा उघडून मोज्याकडे बघितलं. आता आपली पाळी. तिने बाळाचा मोजा दिला होता. त्या बदल्यात तिला काय हवं असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाळ हललं नाही.

ज्या बाईची दोन गेलीत तिला ही सकाळ काय असते हे दुसऱ्याला सांगून कळणार नाही. मी ड्यूटीवर गेले ती थेट सोनोग्राफीत. जिन्सी म्हणून माझी केरळी मैत्रीण तिथे आहे. तिने काही न विचारता मला टेबलावर घेतलं. ठोके ऐकू आले आणि जीव भांड्यात पडला. "अरे मेघा, बेबी तो सो रहा है," जिन्सी म्हणाली, "इतना टेन्शन नहीं लेना." आणि मग प्रोब पोटावर फिरवता फिरवता थांबली. "तेरा पेट इधर इतना ठंडा क्यों है?" माझ्या पोटाच्या डाव्या बाजूला एक तळव्याएवढी जागा होती... गार. बाहेरून कोणीतरी हात ठेवून बसल्यासारखी.

तो तळवा मी झाकणावर टेकलेला बघितला होता.

मी रजा टाकून घरी आले. काय करायचं ते वाटेतच ठरलं होतं, आणि ते करणं मला किती जड गेलं हे फक्त मराठी बायकांनाच कळेल. मी मोजा काढून घेतला. डबा घासला, पुसला, आणि रिकामा, अगदी ठणठणीत रिकामा, दाराबाहेर चपलांच्या रॅकवर ठेवला. आणि रिकाम्या पॅसेजमध्ये उभी राहून मोठ्याने म्हटलं, "डबा रिकामाच देतेय. राग मानू नका. पण आता येऊ नका."

आयुष्यात मी कोणालाही "येऊ नका" म्हटलं नव्हतं. माझा आवाज रडका निघाला. दार लावलं, कडी घातली आणि लगेच दाराच्या भिंगातून बाहेर बघितलं. रॅकवर डबा नव्हता. लिफ्ट वाजली नाही, पाऊल वाजलं नाही. त्याच क्षणी बाळाने पोटात लाथ मारली आणि मी दाराला टेकून ढसाढसा रडले. संध्याकाळी नळाला पुन्हा कढत पाणी आलं.

मोजा तेवढा घरात राहिला. निखिल म्हणाला, फेकून दे. पण बाळाची वस्तू कचऱ्यात कशी टाकायची? हात धजेना. कपाटात तळाच्या खणात, जुन्या टॉवेलांखाली ठेवला. डबा रिकामा द्यायच्या नादात मी तिची वस्तू मात्र ठेवून घेतली, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

जानेवारीत मुलगी झाली. ठणठणीत. आई व्हिजिट व्हिसावर आल्या, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू केले, घरभर तुपाचा वास. निखिल पोरीला "गडकरी" म्हणायचा. मी सगळं विसरले असं नाही म्हणणार, पण विसरत चालले होते. आईंना आम्ही खरं काहीच सांगितलं नव्हतं; डबा भरून परत स्कॉटलंडला पाठवलाय, एवढंच म्हटलं होतं. ती दुसरी चूक.

फेब्रुवारीतली एक दुपार. बाळाला पाजून मला झोप लागली होती. जाग आली तर शेजारी बाळ नाही. धावत बाहेर आले. हॉलमध्ये आई सोफ्यावर बसल्या होत्या, मांडीवर बाळ. बाळाच्या दोन्ही पायांत पांढरे मोजे होते.

"अगं, उठलीस? तुझी ती स्कॉटलंडची बाई येऊन गेली," आई म्हणाल्या.

टीपॉयवर डबा होता.

"दार उघडलं तर हातात माझ्या नावाचा डबा! म्हटलं, ही तीच. तिची भाषा मला कुठे कळतेय, पण बाई गोड हो. डबा उघडून एक मोजा दाखवला, आणि बोटाने विचारलं — दुसरा कुठाय? मी परवाच टॉवेल काढताना बघितला होता. आणून दिला. तिनेच दोन्ही घातले बघ."

"तिने... तिने घातले?"

"मांडीवर घेऊन. घटकाभर बसली, काहीतरी गुणगुणत होती. हात मात्र किती गार गं बाईचे! चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाली. डबा भरून देते म्हटलं, तर मानेनेच नाही म्हणाली, बाळाकडे बघत राहिली आणि उठली. मला मेलं कसंतरीच वाटलं. पाहुणी आली आणि कोरडीच गेली. म्हटलं, डबा भरून ठेवते, सावकाश न्या. परत या हं, घर तुमचंच आहे."

मी बाळाला ओढूनच घेतलं. मोजे काढले. पोरीची पावलं गार होती, अजूनही असतात. बालरोगतज्ज्ञ म्हणतात रक्ताभिसरण उत्तम आहे. जिन्सीने डॉपलर करून बघितला, सगळं नॉर्मल. बाळ हसतं, खेळतं, वजन वाढतंय. त्या रात्री आईंना सगळं सांगितलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण बोललेलं परत कसं घेणार? दिलेलं आमंत्रण होतं ते, आणि घरातल्या मोठ्या माणसाने दिलेलं.

नाशिकला परत जायच्या आधी आईंनीच तो डबा डिंकाच्या लाडवांनी गच्च भरला. वर मी ते दोन्ही मोजे घडी करून ठेवले. ती आलीच तर दारातूनच घेऊन जाईल, घरात तिचं काही राहायला नको, असं आमचं ठरलं. डबा दाराशेजारी स्टुलावर आहे. देवासमोर बसून आई पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "मेघा, पुरेल ना गं तिला एवढं?"

निखिल आता चेष्टा करत नाही. तो मला खोली चुकली असंही म्हणत नाही. आमच्याकडे कसलंच स्पष्टीकरण नाही. कोणाकडे असेल तर खरंच सांगा, मी हसणार नाही.

मे संपत आलाय. गेला आठवडाभर सगळ्या बिल्डिंगला कढत पाणी येतंय, शेजारणी बादल्या भरून ठेवताहेत. आज दुपारी मी बाटल्या धुवायला किचनचा नळ सोडला आणि हात मागे घेतला. पाणी बर्फासारखं थंड आहे. निखिलला फोन केलाय, तो निघालाय. दाराशेजारचा डबा अजून स्टुलावरच आहे, तिने तो नेलेला नाही. मी आतल्या खोलीत बाळाची दोन्ही पावलं हातात धरून बसलेय.